फोटोंचे काय घेऊन बसलात?

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात युक्रेनच्या शांतीसाठी प्रार्थनासभा झाली. सभेच्या अखेरीस मी चार शब्द बोललो. रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांची वर्णने वर्तमानपत्रांतून सर्वांनीच वाचलेली असतात, म्हणून मी मुद्दामच एक लहानशी गोष्ट निवडली. दोनेत्स्क शहरातून परागंदा व्हावे लागलेल्या एका कलावंताच्या घरातील फोटोंचा संग्रह मागे राहिला आणि आता तो परक्यांच्या फोटोंतून आपले बालपण जुळवू पाहतो आहे, एवढीच ती गोष्ट. सभा आटोपल्यावर एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘‘फादर, तिथे माणसे मरताहेत आणि तुम्ही फोटोंचे काय घेऊन बसलात?’’ मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोच निघता निघता त्यांनी आणखी एक वाक्य टाकले : ‘‘आणि ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, विसरून जावे. जुनी दप्तरे उकरल्यानेच भांडणे पेटतात.’’

त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. आज सुचते आहे ते येथे मांडतो. त्या गृहस्थांशी माझे वैर नाही. पण त्यांचे म्हणणे हे केवळ त्यांचे नाही. ते मी अनेक घरांत ऐकले आहे आणि सांगायला संकोच वाटतो, आम्हा धर्मगुरूंच्या बैठकींतही ऐकले आहे. ज्या मताला सज्जनांचा आधार मिळतो ते मत दुर्जनांच्या मतापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याला कोणी हटकत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या कलावंताविषयी. आंद्री दोस्त्लिएव्ह हे त्यांचे नाव. त्यांच्या पत्नी लिया दोस्त्लिएवा याही कलावंत असून मूळच्या दोनेत्स्कच्या आहेत. दोघे पुढे पोलंडमध्ये राहू लागले. युक्रेनचे युद्ध २०२२ साली सुरू झाले अशी आपल्याकडे समजूत आहे, ती चुकीची आहे. २०१४ च्या वसंत ऋतूत रशियाने क्रायमिया गिळंकृत केला आणि त्यापाठोपाठ रशियाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या सशस्त्र टोळ्यांनी दोनेत्स्क आणि लुहान्स्क ही शहरे ताब्यात घेतली. कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाच्या भट्ट्यांचा तो प्रदेश. लाखो लोक त्या वर्षी घरे सोडून निघाले. निघताना माणूस काय घेतो? मुले, औषधे, ओळखपत्रे, थोडे पैसे. परत येऊ अशी आशा असतेच, म्हणून भिंतीवरचे फोटो भिंतीवरच राहतात आणि अल्बम कपाटातच राहतात. मग सीमा बंद होते आणि कपाट पलीकडे राहते.

दोस्त्लिएव्ह यांनी २०१५ साली एक मालिका हाती घेतली. तिला त्यांनी ‘ऑक्युपेशन’, म्हणजे ‘कब्जा’, असे नाव दिले. जुन्या बाजारात निनावी माणसांचे फोटो विकायला असतात. ते त्यांनी विकत घेतले आणि हरवलेल्या घरच्या अल्बममध्ये काय काय होते ते आठवून, त्या परक्या फोटोंच्या साहाय्याने आपला अल्बम पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. परक्याच्या आजीच्या जागी आपली आजी कल्पायची, परक्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आपली उन्हाळ्याची सुट्टी शोधायची. हा प्रयत्न सफल होणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. ज्याला आई आठवते त्याला दुसऱ्याच्या आईचा फोटो पुरणार कसा? तरीही त्यांनी ते काम केले, कारण रिकामी जागा रिकामी आहे हे दाखवायलाही काहीतरी समोर ठेवावे लागते.

वाचकहो, येथे थोडे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा. त्या जुन्या बाजारात ते फोटो आले कुठून? कोणीही आपल्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो हौसेने रद्दीत विकत नाही. कोणी निपुत्रिक वारले, कोणाचे घर उठले, कोणी पळून गेले, कोणाला नेले. म्हणजे एका हरवलेल्या कुटुंबाची पोकळी भरण्यासाठी दुसऱ्या हरवलेल्या कुटुंबाचे अवशेष वापरावे लागले. युक्रेनच्या गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सांगायला मला याहून नेमके चित्र सापडत नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळतो. माणसे मरत असताना कागदांची चिंता कशाला? हा प्रश्न दयाळू वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक चूक आहे. माणसे मारणारे आणि कागद जाळणारे हात वेगवेगळे आहेत, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते हात एकच असतात.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडील चेर्निहिव शहरात गुप्तवार्ता खात्याच्या दप्तरखान्याची इमारत गोळीबारात जळाली. त्या इमारतीत सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या फायली होत्या : कोणाला पकडले, कोणी जबाब दिला, कोणाला गोळी घातली, कोणाला सैबेरियात धाडले. सुमारे १३,००० फायली त्या आगीत नष्ट झाल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. युक्रेनने २०१५ साली कायदा करून अशा फायली सर्वांना खुल्या केल्या होत्या. कोणीही नातू जाऊन आपल्या आजोबांची फाईल मागू शकत असे. पुष्कळ कुटुंबांना आजोबांचा शेवटचा फोटो अशाच फायलीत, अटकेच्या वेळी काढलेला, प्रथम पाहायला मिळाला. चेर्निहिवच्या नातवंडांना तो आता मिळणार नाही. ज्यांना १९३७ साली मारले गेले त्यांचे नाव २०२२ साली पुसले गेले. एका माणसाला दोनदा मारता येते, हे मी त्या बातमीवरून शिकलो.

दुसरे उदाहरण खेर्सनचे. आठ महिन्यांच्या कब्जानंतर रशियन सैन्य नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या शहरातून माघारी गेले. जाण्यापूर्वीच्या दिवसांत तेथील कलासंग्रहालयातून सुमारे १०,००० कलाकृती मालमोटारींत भरून नेण्यात आल्या. शहराच्या दप्तरखान्यातील दस्तऐवजही नेण्यात आले. माघार घेणाऱ्या सैन्याला मालमोटारींची केवढी निकड असते हे सांगायला नको. जखमी आणि दारूगोळा सोडून त्या गाड्यांत जुनी चित्रे आणि पिवळे पडलेले कागद भरले गेले. माझ्या सज्जन मित्राला मी विचारतो : कागदांना काहीच किंमत नसेल तर पळणाऱ्या सैन्याने ते का वाहून नेले? कागदाची किंमत आपण विसरलो आहोत, जेत्यांना ती पक्की ठाऊक आहे. सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणासाठी हेग येथे १९५४ साली करार झाला तो याच अनुभवातून. रशिया आणि युक्रेन दोघेही त्या कराराने बांधलेले आहेत. तरीही, नुकसान झाल्याची खात्री पटलेली स्थळे युनेस्कोच्या यादीत २०२५ पर्यंत ५०० च्या वर गेली.

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तरी कागद क्षुल्लक वाटतात का? व्होलोदिमिर वाकुलेन्को हे लहान मुलांसाठी लिहिणारे लेखक इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का या खेड्यात राहत. गाव कब्ज्यात गेले तेव्हा त्यांनी रोजनिशी लिहिली आणि आपल्याला नेणार हे कळल्यावर ती बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली. मार्च २०२२ मध्ये त्यांना नेले. सप्टेंबरात गाव मुक्त झाल्यावर व्हिक्टोरिया अमेलिना या कादंबरीकार बाईंनी वाकुलेन्कोंच्या वृद्ध वडिलांसोबत बाग खणून ती रोजनिशी शोधून काढली. लेखकाचे शव इझ्यूमच्या जंगलातील दफनभूमीत सापडले होते, त्याची ओळख नोव्हेंबरात पटली. अमेलिना युद्धगुन्ह्यांच्या नोंदी गोळा करण्याचे काम करीत होत्या. जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडले, त्यात झालेल्या जखमांनी त्या १ जुलै रोजी वारल्या. एकाने कागद पुरला, दुसरीने तो उकरला आणि दोघेही मारले गेले. कागद मात्र राहिला, त्याचे पुस्तक झाले. ‘कागदांचे काय घेऊन बसलात’ हा प्रश्न या दोघांना विचारण्याची हिंमत आपल्यापैकी कोणाला आहे?

युक्रेनमध्ये घरचा अल्बम हा नुसता शोभेचा ऐवज नाही. १९३२-३३ च्या दुष्काळात तेथे सुमारे ३५ ते ४० लाख माणसे उपाशी मेली. तो दुष्काळ आकाशातून पडला नव्हता, सरकारी सक्तीच्या धान्यवसुलीने आणि खेड्यांची नाकेबंदी केल्याने तो घडला. सोव्हिएत सरकारने दुष्काळ मुळी झालाच नाही असे जगाला सांगितले. १९३७ ची जनगणना झाली, तीत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरली, तेव्हा ती जनगणनाच दडपण्यात आली आणि ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. घराघरांतील अल्बममधून पकडलेल्या माणसांचे चेहरे कात्रीने कापले गेले, कारण ‘जनतेच्या शत्रू’चा फोटो घरी सापडणे हाच गुन्हा ठरे. आईने मुलांना सांगितले नाही, मुलांनी विचारले नाही. अशा देशात एक फोटो शिल्लक राहणे म्हणजे एक साक्षीदार जिवंत राहणे.

त्या दुष्काळाचे साक्षीदार कोणी वाचवले हे आपण कॅथलिकांनी लक्षात ठेवावे. आलेक्सांडर विनरबर्गर हा ऑस्ट्रियन अभियंता १९३३ साली खार्किव शहरात नोकरीला होता. रस्त्यावर पडलेल्या उपाशी माणसांची छायाचित्रे त्याने चोरून काढली आणि देशाबाहेर पोहोचवली. व्हिएन्नाचे कार्डिनल थिओडोर इन्निट्झर यांनी त्याच वर्षी दुष्काळग्रस्तांसाठी जगाला जाहीर हाक दिली. फार थोड्यांनी ती ऐकली. पण त्या छायाचित्रांचा एक संग्रह व्हिएन्ना धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात राहिला आणि पुढे अर्ध्या शतकाने, जग दुष्काळ मान्य करू लागले तेव्हा, पुराव्याला उभा राहिला.

ही हकीकत मी अभिमानाने सांगतो आहे असे वाटल्यास तिचा उत्तरार्धही ऐका. याच कार्डिनलांनी मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर, धर्माध्यक्षांच्या स्वागतपर निवेदनाबरोबरच्या पत्राखाली स्वहस्ताने हिटलरच्या जयजयकाराचे शब्द लिहिले. पुढे काही महिन्यांतच त्यांचे डोळे उघडले आणि नाझी तरुणांनी त्यांच्या निवासस्थानाची मोडतोड केली, हेही खरे. पण ते पत्र आहे, ते पुसता येत नाही आणि ते पुसू नये. दप्तरखाना भाट नसतो. ज्या कपाटात आपल्या पुण्याईचा कागद असतो, त्याच कपाटात आपल्या लाजेचाही असतो. जुनी दप्तरे उकरू नका असे जो म्हणतो त्याला बहुधा या दुसऱ्या कागदाची भीती असते.

येथून मी दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. क्षमा करावी आणि विसरून जावे. हे दोन शब्द एकत्र कोणी बांधले मला ठाऊक नाही, शुभवर्तमानाने तर बांधलेले नाहीत. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे प्रायश्चित्त संस्काराच्या आसनावर बसतो आहे. तेथे येणाऱ्याला आम्ही प्रथम काय सांगतो? सदसद्विवेकबुद्धीची तपासणी कर, आठव. जे पाप आठवले नाही, ज्याला नाव दिले नाही, ते घेऊन कोणी आसनापुढे गुडघे टेकत नाही. ‘‘फादर, काय झाले ते जाऊ द्या, तुम्ही मोकळे करा’’ असे म्हणणाऱ्याला कोणता धर्मगुरू पापमुक्ती देईल? मग एका माणसाच्या बाबतीत जे चालत नाही ते राष्ट्रांच्या बाबतीत कसे चालावे? पुनरुत्थित प्रभूने थोमापुढे हात धरले तेव्हा खिळ्यांच्या खुणा त्या हातांवर होत्या. ज्याने मारणाऱ्यांना क्रूसावरूनच क्षमा केली, त्याने जखमा पुसून टाकल्या नाहीत.

युक्रेनमधील आपल्याच बांधवांचा इतिहास पाहा. तेथील ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभा १९४६ साली ल्विव शहरात भरवलेल्या एका बनावट धर्मसभेच्या ठरावाने मोडून काढण्यात आली. त्या वेळी तिचे सर्व धर्माध्यक्ष तुरुंगात होते. महागुरुस्वामी योसिफ स्लिपी यांनी अठरा वर्षे तुरुंगांत आणि छळछावण्यांत काढली. १९६३ साली, पोप जॉन तेविसावे यांच्या प्रयत्नांनी, ते सुटून रोमला आले. इकडे धर्मग्राम जंगलात आणि बंद खोल्यांत जगले. स्नानसंस्कार, लग्ने, मिस्सा, सारे लपून. सरकारी दप्तरात ही ख्रिस्तसभा अस्तित्वातच नव्हती. १९८९ साली तिला पुन्हा नोंदणीची मुभा मिळाली तेव्हा लाखो माणसे उघडपणे बाहेर आली. ती कुठून आली? कोणीतरी विसरले नव्हते म्हणून आली. विसरणे हेच जर पुण्य असते, तर आज ती ख्रिस्तसभा पृथ्वीवर नसती.

पण माझे प्रतिपादन एकांगी होऊ नये म्हणून युक्रेनला अवघड जाणारी गोष्टही सांगतो. १९४३ साली व्होलिन प्रांतात युक्रेनी राष्ट्रवाद्यांच्या बंडखोर सेनेने पोलिश वस्त्यांवर हल्ले केले. हजारो, किंबहुना दहा-दहा हजारांनी मोजावी इतकी पोलिश माणसे मारली गेली. ११ जुलैच्या रविवारी काहींना मिस्साच्या वेळी चर्चमध्येच गाठले. पोलिश बाजूनेही सूड उगवले गेले. मारणारे ख्रिस्ती, मरणारे ख्रिस्ती. २००५ साली पोलंडचे धर्माध्यक्ष आणि युक्रेनचे ग्रीक कॅथलिक धर्माध्यक्ष यांनी संयुक्त पत्र काढून एकमेकांना क्षमा केली आणि एकमेकांकडे क्षमा मागितली. फार मोठे पाऊल होते ते. तरीही जखम भरली नाही. का? कारण मृतांची हाडे बेवारस खड्ड्यांत होती. पोलंडमधील एका स्मारकावरून तंटा झाला आणि २०१७ साली युक्रेनने उत्खननाची परवानगी थांबवली. ती वाट २०२५ च्या एप्रिलमध्ये पुझ्निकी या नष्ट झालेल्या गावी पुन्हा उघडली. युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनने, ज्याला पोलंडने लाखोंच्या संख्येने आसरा दिला त्या युक्रेनने, पोलंडला त्याचे मृत शोधू दिले. क्षमेचे पत्र वीस वर्षे जुने होते. त्या पत्राला खांदा दिला तो हाडांनी, नावांनी आणि याद्यांनी. विसरून जा म्हणणाऱ्यांनी ती वीस वर्षे वाया घालवली होती.

कोणी म्हणेल, स्मृतीनेच तर हे युद्ध पेटवले. रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जुलै २०२१ मध्ये रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असे सांगणारा लांबलचक ऐतिहासिक लेख लिहिला आणि सात महिन्यांनी सैन्य धाडले. हा आक्षेप वजनदार आहे. इतिहासाचा दारूगोळा होतो हे मला मान्य आहे. पण तो कोणत्या इतिहासाचा होतो? राजांच्या, साम्राज्यांच्या, हजार वर्षांच्या भव्य गोष्टींचा. एका खेड्यातल्या आजीच्या फोटोचा दारूगोळा होत नाही, उलट तो भव्य गोष्टीला आडवा येतो. लेख म्हणतो, तुम्ही वेगळे कधी नव्हताच. फोटोच्या मागे लिहिलेले असते, अमुक वर्षी अमुक आजोबांना त्यांच्या भाषेत लिहिल्याबद्दल नेले. म्हणून मोठा खोटा इतिहास लिहिणाऱ्याला आधी छोटे खरे कागद बंद करावे लागतात. सोव्हिएत दडपशाहीतील बळींची नावे तीसहून अधिक वर्षे गोळा करणारी ‘मेमोरियल’ ही रशियातीलच संस्था. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विसर्जित करण्याचा आदेश दिला. त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वीच रणगाडे सीमा ओलांडून गेले. आधी नावांची यादी मिटवली, मग माणसांवर हात टाकला. हा क्रम लक्षात ठेवा. २०२२ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकात ‘मेमोरियल’चाही वाटा होता, एवढेच समाधान.

आता एक कडू गोष्ट, जी आपल्यालाच लागू आहे. व्हेनिस येथे २०२४ साली भरलेल्या जागतिक कलाप्रदर्शनात युक्रेनच्या दालनात दोस्त्लिएव्ह दांपत्याने एक काम मांडले होते. युरोपातील लोकांच्या मनात ‘चांगला निर्वासित’ कसा असतो हे त्यांनी जाणून घेतले आणि व्यावसायिक नटनट्यांकडून, जाहिरातींच्या धाटणीने, तसे निर्वासित वठवून घेतले. पाहणाऱ्याला हसू येते आणि मग ते ओठांवरच सुकते. चांगला निर्वासित म्हणजे कोण? जो दुःखी दिसतो पण फार नाही, आभार मानतो, तक्रार करीत नाही, काम मिळेल ते करतो आणि आपल्या युद्धाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून जेवणाची चव घालवत नाही.

ते चित्र पाश्चात्त्यांचे असेल, पण आपल्या परोपकाराचा चेहरा त्यात दिसत नाही का? दानपेटीत पैसे टाकणे आपल्याला सोपे वाटते. ब्लँकेट घेणाऱ्याने ब्लँकेट घेऊन गप्प राहावे अशी आपली अपेक्षा असते. त्याने ब्लँकेटबरोबर न्यायही मागितला, माझे घर कोणी घेतले ते नोंदवून ठेवा म्हणाला, की आपल्याला तो कटू, सूडबुद्धीचा वाटू लागतो. ‘विसरून जा’ हा उपदेश आपण नेहमी ज्याचे गेले त्यालाच करतो. ज्याने नेले त्याला ‘परत कर’ असे कोण सांगते? युक्रेनमधून परदेशी गेलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर आहे. त्यांना आपल्या अश्रूंची गरज आहेच, पण आपण त्यांची साक्ष ऐकून घ्यावी याची गरज त्याहून कमी नाही.

माझ्या मित्राचे म्हणणे एका ठिकाणी मला मान्य आहे आणि ते मान्य केल्यावाचून लेख संपवणे अप्रामाणिक ठरेल. मूल उपाशी असेल तर आधी भाकरी, मग अल्बम. जो धर्मगुरू कागदासाठी रडतो आणि माणसासाठी हात उचलत नाही, त्याने वेदीवर उभे राहू नये. पण भाकरी दिल्यावर काम संपले असे मानणे म्हणजे माणसाला नुसते पोट आहे असे मानणे. त्याला नाव आहे, आजोबा आहेत, मागे राहिलेली एक गल्ली आहे. ते काढून घेतले तर उरतो तो फक्त एक आकडा आणि आकड्याची कत्तल करणे नेहमीच सोपे जाते.

शेवटी एक घरची गोष्ट. हेच गृहस्थ दोन वर्षांपूर्वी माझ्या कचेरीत आले होते. जमिनीच्या वारसनोंदीसाठी त्यांना आजोबांच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. आम्ही दोघांनी मिळून जुनी नोंदवही उघडली. आजोबांची नोंद सापडली : आईवडिलांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, धर्मगुरूंची तिरकी सही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. काम जमिनीचे होते, पण त्या क्षणी ते जमिनीचा विचार करीत नव्हते हे मला दिसत होते. मग त्यांनी आजोबांच्या धाकट्या बहिणीची नोंद शोधायला सांगितले. ती लहानपणीच वारली होती, घरात कोणाला तिचे नावही नीट आठवत नव्हते. त्या वर्षाची पाने वाळवीने खाल्ली होती. आम्ही वही मिटली. त्यावर ना ते काही बोलले, ना मी.

आपल्याकडे बाँब पडला नाही. आपल्याकडे वाळवी आहे, पावसाळा आहे, घर बांधताना माळ्यावरची पेटी भंगारवाल्याला देण्याची घाई आहे. ज्या गोष्टीसाठी खेर्सनला सैन्य आणावे लागले ती आपण आळसाने साधतो. म्हणून युक्रेनसाठी पुढची प्रार्थनासभा होईल तेव्हा मी प्रत्येक कुटुंबाला एक काम देणार आहे. घरातले जुने फोटो काढा आणि घरातले वडीलधारे हयात आहेत तोवर प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहा. ज्या कोणाचे नाव सांगायला लाज वाटते त्याचेही लिहा. आणि मग, हातात तो फोटो असतानाच, ज्यांच्या हातात आज काही उरलेले नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

त्या गृहस्थांना मी हा लेख छापून येण्यापूर्वी वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘‘फादर, उत्तर लांबले.’’ जरा वेळाने म्हणाले, ‘‘त्या आजीचे नाव बहुधा आमच्या मोठ्या आत्याला ठाऊक असेल. विचारून येतो.’’